ढेकूण इथं टिकत नाहीत

सोमवार
पोहोचले एकदाची! खोली ऐसपैस, खाली बेकरी, सकाळपासून पावाचा वास. कपड्यांच्या कारखान्यात नव्या मुलींना मशीन शिकवायचं काम. रविवारी ताई माझ्या चार वर्षांच्या चिमणीला घेऊन येईल. आल्या आल्या गादीच्या शिवणी बोटांनी चाचपल्या, पलंगामागची फळी टॉर्च लावून पाहिली, बॅग न्हाणीघरात ठेवली. आमचे हे मला ढेकूण-इन्स्पेक्टर म्हणतात, म्हणोत बापडे. मागच्या मुक्कामी ढेकणांनी पोरीला फोडून काढलं होतं. घरमालकीणबाई दारातून हसल्या. म्हणाल्या, कशाला एवढा आटापिटा? ढेकूण इथं टिकतच नाहीत. ऐकून जीव भांड्यात पडला.

मंगळवार
मेल्यासारखी झोपले. तरी सवयीने पलंग भिंतीपासून ओढला, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. कारखान्यात दिवसभर जांभया. प्रवासाचा शीण असणार.

गुरुवार
अंगावर एक चावा नाही, पण बांगड्या हातातून गळतात. सुपरवायझरबाई म्हणाल्या, चेहरा किती उतरलाय तुमचा. वाट्यांत मेलेले ढेकूण सापडले. म्हणजे माझ्याच बॅगेतून आले! इन्स्पेक्टरचीच अब्रू गेली.

शुक्रवार
चक्कर आली म्हणून दुपारीच परतले. चादरीवर एक ढेकूण. मी चप्पल उचलली, पण तो माझ्या आधीच सुटला होता – उशीकडून पायथ्याशी, पलंगाच्या पायावरून खाली, थेट पाण्यात. मला वाटत होतं, वर चढताना बुडतात. ते उतरत होते. पळत होते.

शनिवार
घरमालकीणबाईंना विचारलं, ढेकूण पळतात कशाला? म्हणाल्या, सांगितलं होतं की. त्यांच्या वाट्याला काही उरतच नाही. बोलताना गादीवरून हात फिरवला, मायेने. गादी दबली नाही – वर आली. हाताला लागायला.
ताईचा फोन लागत नाही. इथे थांबायचं नाही. रात्र स्टँडवर काढते, तिथेच दोघींना गाठीन.

रविवार
ताई स्टँडवर आली – एकटी, पायी, हसत. म्हणाली, आधीच्याच गाडीने आलो, स्टँडच्या अलीकडे बेकरीपाशीच उतरलो. तू खोलीवर नव्हतीस. पोर पेंगत होती, घरमालकीणबाईंनीच तुझ्या पलंगावर निजवली –

धावले. चिमणी गादीवर. ओठ पांढरे. उचलते तर गादी सोबत येते. पाठ सुटत नाही –

शेजारी आडवी झाले. तिला सोडून मला धरावं म्हणून सगळं अंग गादीला टेकवलं. तिची पाठ सुटली. आता पाय.
मला बोलता येत नाही. हात अजून हलतो, म्हणून वहीत लिहितेय.
ताई जिन्यात आहे. वाच, ताई. पोरीला उचल आणि पळ. मला ओढू नकोस. मला हात लावलास तर तुलाही –