आबांच्या फोनमधले अकरा जीबी

६ जानेवारी, सोमवार

तन्वीने पुण्याहून हॉस्टेलचा फॉर्म मेल केला, तो परत गेला. फोनवर ओरडली, "मम्मी, तुझा मेल फुल झालाय! जागा कर आधी." बघितलं तर खरंच. पंधरा जीबी संपलेले. पंधरा जीबी म्हणजे नेमकं किती ते मला सांगता येणार नाही, पण मी एवढे फोटो काढत नाही हे नक्की. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त, संध्याकाळी पोळ्या. कशाचे काढणार?

उद्या बघू.

७ जाने.

चॅटच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळले. अजयच्या शाळेतल्या बायकांचा एक ग्रुप आहे, त्यावरची सुप्रभातं सगळी उडवली. इतकं करून सुटला अर्धा जीबी. माझ्या फोनची गॅलरी बघितली, सगळी मिळून तीन जीबी भरत नाही. मग बाकीचं कुठून आलं?

अजय म्हणाला, "बंद करून चालू कर." नशिराबादला विज्ञान शिकवतो हा माणूस. केला बंद, केला चालू. तेच.

८ जाने.

सापडलं! सेटिंगमध्ये खोल कुठेतरी यादी आहे, बॅकअप घेणारे फोन दोन. एक माझा. दुसरा आबांचा.

दोन दिवाळ्यांपूर्वी धुळ्याला आबांना फोन दिला तेव्हा बस गाठायची घाई होती. त्यांचं वेगळं खातं काढत बसले नाही, माझंच टाकून दिलं. शिकवलं एवढंच की हिरवं म्हणजे उचलायचं, आणि फोनने काही विचारलं तर "हो" दाबायचं. नंतर विसरून गेले.

म्हणजे अकरा जीबी आबांचे. आई गेल्यापासून एकटे राहतात, सत्त्याहत्तर पूर्ण. काय काढतात एवढं?

९ जाने., गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडले. त्याला स्पीकर नाही. शेकडो व्हिडिओ. शेगडीचं बटण. दाराची कडी. कुलूप. पुन्हा शेगडी. स्वतःच्या चपला. सगळे हललेले, बहुतेक पाच-सात सेकंदांचे. खिशात हात लागून चालू होत असणार. एकच मोठा, पाऊण तासाचा, जवळजवळ पाच जीबी त्या एकाचेच. चित्र काय, तर छताचा पंखा आणि कोपऱ्यात आबांचं अर्धं कपाळ. चालू करून विसरले असतील.

आकाराप्रमाणे लावले, मोठा सगळ्यात आधी काढला. मग बाकीचे. कचरापेटी रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही, तीही केली. "कायमचे हटवायचे?" हो.

तन्वीचा फॉर्म आला. फार हलकं वाटलं.

१० जाने.

आबांचे लॅबमध्ये तीन फोन. दोन घेता आले नाहीत, रांग होती. तिसरा घेतला.

"फोन बिघडना, बेटा. बठ्ठं गयं."

"सगळं म्हणजे काय गेलं आबा?"

"…ऱ्हाऊ दे. तू काममा शे. जेवनी का?"

मी काढले ते त्यांच्या फोनवरूनही गेले असतील, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही! खरं तर आलं होतं थोडंसं. मग पुढच्या पेशंटचा हात पुढे आला.

११ जाने., शनिवार

शोभाअक्कांचा फोन. धुळ्याला आबांच्या शेजारी राहतात. एरवी माझ्याशी मराठीत बोलतात, आज अहिराणीवर आल्या. "उज्वल, तुना आबा दोन दिन व्हई ग्यात, दारमाच बसेल शेत. फिराले बी जात नही. चूल बी पेटाडी नही त्यासनी." मी विचारलं, जेवले काय मग? म्हणे काल त्यांनीच भाकरी-भाजी दिली. त्याआधीचं माहीत नाही.

आबांना लावला. "काही नही, बठ्ठं ठीक शे."

उद्या पहिली बस.

१२ जाने., रविवार

एका दमात लिहून टाकते, नाहीतर राहील.

आबा उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले होते, अंगात दोन स्वेटर. मला बघून उठले नाहीत. "तू आज कशी काय?" आत गेले तर गॅसचं रेग्युलेटर काढून ओट्यावर ठेवलेलं. ताटलीत केळ्यांची सालं.

फोन मागितला. देईनात. मग दिला. गॅलरीत सात व्हिडिओ. माझी जागा भरल्यामुळे हे वर गेले नव्हते, म्हणून वाचले. आवाज मोठा करून पहिला लावला. शेगडीचं बटण, आणि आबांचा आवाज, सावकाश, एकेक शब्द सुटा:

"गॅस बंद शे. मी सोता दखं. आज सोमवार."

दुसरा, कुलपाचा. "कुलूप लावं. वढी दखं. चावी खिसामा शे."

तिसरा, तळहातावर गोळी. "सकायनी गोळी. आते खाई ऱ्हायनू."

पुढचे नाही बघवले.

आबा विजेच्या खात्यात लाइनमन होते. खांबावर चढायच्या आधी सप्लाय बंद केला हे तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं, म्हटलं नाही तर चढायचं नाही, अशी त्यांची रीत. आम्हाला लहानपणी हसू यायचं. ते घरात पंखा बंद करतानाही म्हणायचे.

"कधीपासून आबा?"

त्यांनी स्वेटरची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "साल व्हई गयं. आर्ध्या रस्तामा गऊ की वाटे, गॅस चालूच शे. परत येवो. परत जावो, परत येवो. मंग हाई सापडनं. रस्तामा हुभं ऱ्हाईसन दखी लेवो. जीव थंडा पडे."

"मला का नाही सांगितलं?"

"तुले तरास कसाले."

आणि परवा फोनने त्यांना विचारलं होतं. दुसरीकडून हटवलेले व्हिडिओ या फोनवरूनही हटवायचे का. त्यांनी हो दाबलं. मीच शिकवलं होतं.

सांगायचं की नाही, हा विचार चहा होईपर्यंत केला. फोन बिघडला असं मी म्हटलं असतं तर चाललं असतं, त्यांनी ऐकलं असतं. पण ते चहाचा कप घेऊन माझ्याकडे बघत होते, आणि मग जमलं नाही. "आबा, फोन बिघडला नाही. मी काढले. मला वाटलं चुकून झालेत."

चहा पिऊन संपवला. कप खाली ठेवला. "तुले काय माहीत."

मग थोड्या वेळाने, "तो मोठा बी गया का?"

पंख्याचा. मी मान हलवली.

तो चुकून चालू राहिलेला नव्हता. मागच्या वर्षी, पहिल्यांदा आपल्याच गल्लीत रस्ता चुकले त्या दिवशी घरी येऊन त्यांनी दार लावलं, फोन मांडीवर उभा धरला आणि आठवतं ते सगळं सांगत गेले. आजोबा-आजी, आमचं गाव बोरकुंड, आई पहिल्यांदा कुठे दिसली, मी कोणत्या वारी झाले. पुढे कामाला येईल म्हणून. हात खाली गेला असेल, म्हणून पंखा.

"तुनाकरता एक गोट सांगेल व्हती त्यामा. शेवटले."

"काय आबा? आता सांगा ना."

डोळे बारीक करून भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं सांगायचं नाहीये. मग अगदी साधेपणाने म्हणाले,

"सांगी दिधी व्हती ना. म्हनीसन डोकामाईन काढी टाकी."

१३ जाने.

कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं. उत्तर लगेच. फार नम्र. कायमचे हटवलेले परत आणता येत नाहीत.

पुन्हा लिहिलं, वडिलांचा आवाज आहे त्यात. तेच उत्तर, वर "आम्ही समजू शकतो".

अजयला सांगितलं. त्याने माझ्या वाटणीची भांडी घासली.

१४ जाने.

संक्रांत. तीळगूळ कोणाला दिला आठवत नाही. लॅबमध्ये एका बाईची शीर सापडेना, तीनदा टोचलं. मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं.

१८ जाने., शनिवार

सुट्टी टाकून आबांना धुळ्यातच मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तीन शब्द सांगितले: छत्री, बैल, पितळ. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. आबांनी खटाखट केलं, डॉक्टरांपेक्षा लवकर. माझ्याकडे बघून हसलेही. मग डॉक्टर म्हणाले, "ते तीन शब्द?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली.

गोळ्या दिल्यात. वेग कमी होतो म्हणाले. थांबत नाही.

"जळगावला चला आबा," मी रिक्षात म्हटलं. "आठे माले घर वयखस," म्हणाले. "तठे कोन वयखी?" मी आहे ना ओळखायला, असं म्हणायचं होतं.

शोभाअक्कांनी रोज दोनदा डोकावायचं कबूल केलंय. गॅसला आपोआप बंद होणारं यंत्र बसवून घेतलं. आबांनी ते तीनदा बघितलं, मग फोन काढून त्याचाच व्हिडिओ घेतला.

१९ जाने., रविवार

मुक्काम केला होता. सकाळी त्यांना अंगणात उन्हात बसवून मी फोन धरला. आबा, पहिल्यापासून सांगा. आजोबांपासून.

आजोबांचं आलं. गाव आलं. लाइनमनची भरती, साक्रीकडची पहिली नेमणूक, तिथे खांबावर माकड बसायचं ते आलं, खूप हसले. आईचं नाव आलं. ती कुठे दिसली ते, "बाजारमा… नही. लगनमा." थांबले. "कोनं लगन व्हतं ते?" मला माहीत असतं तर सांगितलं असतं. आईने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"शेवटले काय व्हतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बंद कर," म्हणाले. "थंडी वाजस." ऊन चांगलं कडक होतं.

बावीस मिनिटं झाली. तेवढी आहेत.

२२ जाने.

आबांच्या फोनला आता त्यांचं स्वतःचं खातं. तिथलं काही काढण्याचा अधिकार माझ्याकडे ठेवला नाही. माझ्या हातावर माझा भरवसा नाही.

दुपारी कळलं, मेंदू आणि फोन यांत हा फरक… नको. असलं लिहायला सुचतं याचाच राग येतो.

२६ जाने., रविवार

धुळे. भरीत केलं, कळण्याच्या भाकरी. आबा दोन जेवले. मिरची जास्त झाली म्हणाले, म्हणजे बरे आहेत. अजयही आला होता. "जयभीम आबा," म्हणत आत शिरला, तर आबांनी "जयभीम, जयभीम" करून बसवलं, आणि पाणी घ्यायला आत आले तेव्हा मला हळूच विचारलं, "हाऊ कोन शे?"

मी सांगितलं. "हां हां, जावई," म्हणाले, आणि बाहेर जाऊन त्याच्याशी शाळेच्या गोष्टी केल्या, अगदी बरोबर. अजयला कळलं नाही. मी सांगणारही नाही.

३० जाने.

ती गोष्ट काय असेल, हेच डोक्यात. शेताचं काही? आईचं? मी अकरावीत असताना सहा महिने आबा माझ्याशी बोलले नव्हते, त्याचं? अजय म्हणतो कदाचित काहीच विशेष नसेल, नीट राहा वगैरे. असेल तसंही. मला "नीट राहा"ही चाललं असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर कसंही येतंय.

साडेदहाला लॅबमध्ये फोन. आबा. आवाज किती वर्षांपूर्वीचा वाटला, खांबावरून खाली हाक मारायचे तसा.

"उज्जू! आठवनं! ते शेवटलं, तुनाकरता व्हतं ते."

हातात सिरिंज. पेशंटला म्हटलं एक मिनिट. "सांगा आबा, सांगा."

"फोनवर नही."

"मग व्हिडिओ करून ठेवा. आत्ता, लगेच. शोभाअक्कांना बोलवा, त्या धरतील फोन."

"नही. त्याले एकदाव सांगं, त्यानी काय करं? आते तुलेच सांगसू. तू ये."

मॅडमना सांगून निघाले. माझा पेशंट त्यांनीच घेतला. अजयला मेसेज केला. साडेअकराची बस मिळाली, खिडकीही मिळाली.

वाटेत फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. एरंडोलपर्यंत ठरवलेलं टिकलं. मग केला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"आबा, निघालेय मी."

"निघनी? कोठे?"

"तुमच्याकडे. तुम्ही बोलावलं ना सकाळी."

पाठीमागे कुकरची शिट्टी झाली, त्यांच्याच घरातली.

"ये, ये," म्हणाले. "भात लायेल शे. जेवाले थांबस मी तुनाकरता."

पुढचं विचारलं नाही. पारोळा आलं आहे, कंडक्टर खाली उतरलाय. अजून तासभर.