सुरक्षित कूलंटची निवड

३ फेब्रुवारी, सकाळी ९
धातू कातायचा लेथ आला. छोटा, सेकंडहँड, पण रुबाबदार. मागच्या खोलीत बसवला. खरी रिटायरमेंट आजपासून; गेली दोन वर्षं नुसती सुट्टी होती.
शेजारच्या खोलीतून दादा आला. वहिनी गेल्यापासून माझा हा थोरला भाऊ आमच्याकडेच असतो. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर होता. त्याच्या रात्रपाळ्यांवर मी कॉलेज केलं आणि ऑफिसात टेबलामागे बसलो. आता त्याची फुप्फुसं कामातून गेलीत. त्याने लेथच्या फिरत्या चकवर हात ठेवला, हातानेच एक गिरकी दिली. म्हटलं, दादा, तू बस, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. बसला.
संकल्प: अ‍ॅल्युमिनियम कापताना टूलवर कुठलं तेल घालायचं, ते आधी शास्त्रशुद्ध ठरवणार. सेफ्टी फर्स्ट.

६ फेब्रुवारी
हार्डवेअरवाला म्हणाला, रॉकेल. वापरलं. लोण्यासारखं कापतं. धूर होतो थोडा. खिडकी मी उघडत नाही, मशीनवर धूळ बसते.
दादा म्हणाला, आम्हीही रॉकेलच मारायचो, बघ माझ्याकडे. मी म्हटलं, एका माणसावरून शास्त्र ठरत नाही. तो हसला, मग बराच वेळ खोकला. हवा बदलतेय.

११ फेब्रुवारी
रॉकेल बंद. निर्णय सर्वस्वी माझा. ग्राइंडरची ठिणगी पडून पडदा जळला, त्याचा याच्याशी संबंध नाही. पडदा जुनाच होता.
आता खायचं तेल. जे पोटाला चालतं ते लेथला का चालणार नाही? हिने तेलाचा डबा घरभर शोधला. मी पेपर वाचत होतो.

१५ फेब्रुवारी
खायच्या तेलाचा डिंक झाला. लेथची स्लाइड जागची हलेना. वैतागून दुपारी झोपलो. उठून बघतो तर मशीन लख्ख. दादा स्टुलावर धापा टाकत बसलेला, हातात फडकं. टूलला धारही लावली होती.
रागावलो. थोरला असला म्हणून काय झालं?
म्हणाला, "अरे, अ‍ॅल्युमिनियमला तेल कमी नि धार जास्त लागते. त्याच्यासाठीचं कूलंट मिळतं ते आण, ब्रशने दोन थेंब लाव, खिडकी उघड. झालं." मग हळूच, "एक कट मी घेऊ?"
नाही म्हटलं. त्याच्याच तब्येतीसाठी.
ज्ञान जुनं झालंय त्याचं. तोंडावर सांगवत नाही.

२१ फेब्रुवारी
शोध संपला! पाण्यात मिसळायचं तेल. दुधासारखं दिसतं. डब्यावर 'वॉटर बेस्ड' लिहिलंय, म्हणजे जवळजवळ पाणीच. डोकं लढवून कॉम्प्रेसर आणि नोझल जोडलं. बारीक तुषार, थेट टूलच्या टोकावर. खोलीत धुकं पसरतं. ही म्हणते, भांड्यांवर तेलकट थर बसतोय. हिला खोट काढायची सवयच.
डब्यावर 'फवारा श्वासात घेऊ नये' असंही आहे, पण बारीक अक्षरात. महत्त्वाचं असतं तर मोठं छापलं असतं.
दादाने त्याच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल लावलाय. थंडी वाजत असेल.

२७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
सकाळी चहा घेताना दादाच्या हातातून कप पडला. श्वासच घेता येईना. ओठ निळे. इथे आणून ऑक्सिजन लावला.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात धूर, तेलाची वाफ, केमिकल असं काही? ही माझ्याकडे बघत होती. म्हटलं, तसं विशेष काही नाही.
दादाने मास्क बाजूला केला. म्हणाला, "मी सिगरेट ओढतो, डॉक्टर. चोरून."
बाईंनी लिहून घेतलं.
मला धक्काच बसला. एवढी वर्षं एका छपराखाली राहून माणूस कळत नाही, हेच खरं. असो. कारण तरी सापडलं.


४ मार्च
डिस्चार्ज. दादाची मुलगी आली, त्याला आपल्या गावी घेऊन गेली. हवापालटासाठी, थोडे दिवस. कपडे मात्र सगळे नेले. घाईत भरले असतील.
निघताना दादाने खांद्यावर हात ठेवला. "जप रे. तुलाही दोनच फुप्फुसं आहेत."

९ मार्च
अ‍ॅल्युमिनियमसाठीचं कूलंट आणलं. ब्रशने दोन थेंब. खिडकी उघडी. धूर नाही, वास नाही, कट आरशासारखा. इतक्या प्रयोगांनंतर ही पद्धत मी स्वतः शोधून काढली.
"दादा, बघ!" तोंडातून निघून गेलं.
ही स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली. मग परत गेली.

१६ मार्च, संध्याकाळी ५
पुतणीचा फोन. दादाला आता दिवसभर ऑक्सिजन लागतो. अंगणातसुद्धा जाववत नाही.
म्हणाली, "काका, तिकडच्या कागदांवर सिगरेट लिहिलीय. इथले डॉक्टर दर वेळी बाबांना त्यावरून बोलतात. बाबा मान खाली घालून ऐकून घेतात. मी तर जन्मात त्यांच्या हातात सिगरेट पाहिली नाही. तुम्ही सख्खे भाऊ. खरंच ओढायचे का हो?"
ही समोरच उभी होती.
मी म्हटलं, हो.