छत्रीवाल्याचं गाढव

आदरणीय भाऊजी यांस, आपल्या एकुलत्या एक मेहुण्याचा नमस्कार. आपली तब्येत उत्तम असेल, ताईचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो.

पत्रास कारण, वाचनालयात मी सुरू केलेली चित्रपटमाला, ‘आशियाई चित्रपटांची ओळख’. पहिल्या खेळाला वीस माणसं नाही जमली तर हॉल बुद्धिबळवाल्यांना, असं ग्रंथपालबाईंनी बजावलं होतं. एकतीस आली! (सव्वीस स्वखुशीने.) आशिया हा एक देश नव्हे, हे मी पहिल्या वीस मिनिटांतच स्पष्ट केलं. मग जपानी चित्रपट लावला: म्हातारा छत्रीवाला, त्याचा मुलगा घर सोडून निघालेला. खालच्या मराठी ओळी मी स्वतः लिहिलेल्या, स्टॉपवॉच लावून, एकूण एक हजार दोनशे अठरा. माझ्यासारख्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला अर्ध्या सेकंदाची चूक खपत नाही.

ओळी अचूक होत्या. फक्त त्या पुढच्या खेळाला ठेवलेल्या इराणी चित्रपटाच्या होत्या, ज्यात एका शेतकऱ्याचं गाढव हरवतं. (दोन्ही फायलींना मी ‘वडील, शेवटचं, खरंच शेवटचं’ असं नाव दिलं होतं.) छत्रीवाला मुलाच्या रिकाम्या अंथरुणाकडे बघतोय आणि खाली, ‘तीन दिवस झाले, चारा तसाच पडलाय.’ बंद करायला उठलो, तर दातांच्या डॉक्टरांनी रुमाल काढलेला! आगगाडी सुटली, खाली आलं, ‘खुराला लागलं होतं रे त्याच्या,’ आणि मागची अख्खी रांग मुसमुसली. मी गुपचूप बसलो.

दिवे लागल्यावर निवृत्त मुख्याध्यापिकांनी विचारलं, “गाढव म्हणजे मुलगाच ना हो?”

“आशियाई दिग्दर्शक,” मी म्हणालो, “सगळंच दाखवत नाहीत.” टाळ्या पडल्या. घरी येताना ही एवढंच म्हणाली, “अहो, एवढं खोटं बोलताना तुमचा आवाज किती छान लागतो!”

ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. लोकाग्रहास्तव शनिवारी पाच वाजता तोच खेळ पुन्हा आहे. ताई तुम्हाला घेऊन येणार असं कळलं. तुम्ही चार वर्षं जपानच्या कारखान्यात काढलीत, तिथली भाषा तुम्हाला घरच्यासारखी येते, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. म्हणून हात जोडून विनंती, येऊ नका.

ता. क. दुसरा. खऱ्या ओळी लावून घरी बघितला. ही अर्ध्यातच उठली. तेव्हा शनिवारीही गाढवच. आणि ताईपुढे तुमचं काही चाललं नाहीच, तर मागच्या रांगेत बसा, कानांत कापूस घाला, आणि आगगाडी सुटली की रुमाल काढा.