खंडेनवमीचं तेल

बाबा, गेल्या रविवारी, खंडेनवमीच्या सकाळी, देवपूजा उरकली आणि तुमचा रेडिओ माळ्यावरून काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर पालथा घातला. मागचा पुठ्ठा काढला नि हातच टेकले. आतून खवट खोबरेल तेलाचा वास. रेडिओला कोणी तेल घालतं का हो? खंडेनवमीला कोयता, फावडं, सायकल यांच्या रांगेत तुम्ही त्यालाही पाटावर बसवायचात, तिथवर ठीक. पण मग पुठ्ठा उघडून, कोंबडीचं पीस तेलात बुडवून, आत जे जे फिरताना दिसेल त्यावर फिरवायचात. आई म्हणायची, "आवो, ती काय बैलगाडी हाय?" तुम्ही मान वर न करता, "तेलानं कदी काय बिगडलंय? शेवटी लोखांडच हाय ना!" वर आतल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या, म्हणजे त्या बल्बासारख्या नळ्यांच्या, काचेला हळदीकुंकवाचं बोट.

बिघडलं, बाबा. काटा ओढणारा दोरा तेलानं निसटायला लागला. बटण कितीही पिळा, काटा मुंबईवरच. तर तुम्ही गावभर सांगितलंत, याला मुंबईच आवडते! कळंबोलीच्या भंगारातून उचललेले, उरणच्या खाऱ्या वाऱ्यानं गंजलेले कितीतरी सेट मी वाजते केले. काहींत उंदरांनी संसार थाटले होते, पण तुमच्याइतका उपद्रव उंदरांनीही केला नव्हता. आणि तुम्ही गेल्यापासून तुमचाच तेवढा दरवर्षी खंडेनवमीला मुका खाली उतरतो नि मुकाच वर जातो. बायको टोमणा मारते, "दुनियेच्या सासऱ्यांचे रेडिओ गातात, आमच्या मामंजींचं मौनव्रत!" तिला काय सांगू? कुंकू तेलाबरोबर ओघळून व्हॉल्व्हच्या पायांत बसलंय. ते काढायला व्हॉल्व्ह उपसावा लागतो, आणि उपसायचा तर काच मुठीत धरावी लागते. त्या काचेवर तुमची अनामिका आहे. तापून तापून तपकिरी झालेली, पण बोटाच्या रेघा स्पष्ट. एवढं तेल ओतलंत, ते निस्तरायचं म्हणजे तुम्हालाच पुसायचं. हा कुठला न्याय?

तसाच बघत बसलो. चहा निवला. शेवटी तुमच्यावर मनसोक्त चिडलो, देवीचं नाव घेतलं आणि काच मुठीत धरली. तळव्याला तांबडं लागलं. मग एकेक पाय स्पिरिटनं पुसला, काट्याबरोबर फिरणाऱ्या पत्र्यांमधला तेल-धुळीचा चिखल काढला, नवा कोरडा दोरा ओढला. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू लालसर उजळले, खरखर झाली आणि मुंबई लागली. बायको पोळी लाटता लाटता थांबली. मी हट्टानं काटा पार टोकापर्यंत नेला. मग परत मुंबईवर आणून ठेवला.

हे कुठल्या ग्रुपवर टाकायचं नाहीये, म्हणून तुम्हाला सांगतो. देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि कुंकवाचं बोट टेकवलं. बाहेरून, लाकडावर. तेल मात्र नाही, बाबा. तेल अजिबात नाही.