नसलेल्या अंगठ्याकडे लक्ष

प्रिय आर्डिथताई,

धाकट्या व्हर्लिनचा नमस्कार. भावोजींचा खोकला, तुमची म्हातारी कुत्री आणि चर्चचा गळका पत्रा, सगळ्यांची तब्येत बरी असेल. थँक्सगिव्हिंगला जेवायला ये असं तू लिहिलंस. चार वर्षांनी आलेलं बोलावणं आहे, येणारच.

त्या दुखण्याच्या गोळ्यांचं व्यसन सुटून मला सात महिने झाले. आता दर मंगळवारी सरकार आम्हाला श्वास घ्यायला शिकवतं. (वीस वर्षं खाणीत कोळशाची धूळ ओढली, तेव्हा श्वासाची चौकशी कुणी केली नाही.) ज्या डॉक्टरने पाठदुखीवर मला पहिली गोळी लिहून दिली आणि पुढे नऊ वर्षं हात आखडता घेतला नाही, त्याच्याच रिकाम्या दवाखान्यात हा वर्ग भरतो. खुर्च्याही त्याच. तेव्हा नंबर लागायची वाट बघत बसायचो, आता नुसतंच बसायचं.

शिकवणारी ब्रिन नावाची पोरगी शहरातून येते. आवाज इतका मऊ, की घराला आग लागल्याचं तिने सांगितलं तरी माणूस कूस बदलून झोपेल. पहिल्याच दिवशी म्हणाली, "डोळे मिटा, सगळं लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्याकडे न्या. काय जाणवतंय?" आता माझा डावा अंगठा अठ्ठ्याण्णव सालापासून चार नंबरच्या खाणीत पडलाय, हे तुला ठाऊक, तिला कुठलं? मी म्हटलं, "पोरी, तिकडे अंधार आहे." शेजारचा होबर्ट (जुना ट्रकवाला, ध्यानात घोरतो) हसून हसून खुर्चीवरून घसरला. तलफ आली की तिच्याशी भांडू नका, नुसतं बघत राहा, लाटेसारखी ओसरते, असंही ती सांगते. इथून समुद्र सहा तासांवर.

तरी परवा पेट्रोल पंपावर रॉयस भेटला, मला चोरून गोळ्या विकायचा तो. "काय व्हर्लिनदादा, हवंय का काही?" मी श्वास मोजत उभा राहिलो. अकराव्या श्वासाला तो म्हणाला, "डोकं फिरलंय तुझं," आणि गाडी काढून गेला. मी मात्र त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत मोजतच राहिलो.

तुझा भाऊ,
व्हर्लिन

ता. क. मक्याचा ब्रेड मी आणतो. भावोजींच्या हातचा नको.

आणखी एक ता. क. वर सगळ्यांची विचारपूस केली आणि तुझ्या गुडघ्याची नाही केली, ते विसरून नव्हे. ऑपरेशननंतर तुला त्याच गोळ्या दिल्या असतील, हे तुझं बोलावणं वाचतानाच माझ्या मनात आलं. आईच्या उशाखालच्या गोळ्या मी उचलल्या, त्या दिवशी तिने काय सोसलं ते तू पाहिलंयस. मी यायच्या आदल्या दिवशी तुझ्या गोळ्या कुणा शेजारणीकडे ठेव. कुठल्या शेजारणीकडे, ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी.