अंगठ्याएवढा डोंगर

नागपूर, १० मार्च १९५५

ती. देवकाबाईस धाकटा भाऊ मंगरूचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. चित्रकलेच्या परीक्षेला ‘गावाचा देखावा’ हा विषय आलाय. मी आपला डोंगर काढला, कागदभर. पायथ्याशी ओढा, मोहाची झाडं, आई गेल्यावर तिच्या नावाने उभा केलेला दगड, सगळं. आमचे सर म्हणाले की लांबची वस्तू लहान दिसते, तेव्हा डोंगर अंगठ्याएवढा कर आणि वर आभाळ मोकळं सोड. मी म्हटलं, तो आमचा पेन आहे, देव आहे. लांब उभा आहे म्हणून आजोबाला कोणी बोटभर करत नाही. वर्ग हसला. पुढच्या शुक्रवारपर्यंत बदललं नाही तर चित्र परीक्षकांकडे जाणार नाही. मग प्रमाणपत्र नाही आणि गोंदियाच्या शाळेतली ड्रॉइंग मास्तरची जागाही नाही. मला फार राग आलाय, बाई. काय करू ते लगेच कळव.

माया आहे तशी असू दे.
तुझा मंगरू

सालेकसा, १४ मार्च १९५५

चि. मंगरूस देवकाबाईचे अ. उ. आशीर्वाद.

इकडे मोहफुलं पडायला लागलीत, वेचून वेचून कंबर मोडली. आणि तू तिथे सावलीत बसून सरांशी भांडतोस! बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले की पोरगा कायले भांडून राहिला, कागदावर बारीक केला म्हणून डोंगर थोडीच बारीक होते. मलाही तसंच वाटतं. देखावाच म्हणतात ना त्याला? मग कर थोडा देखावा. बाबांचे गुडघे गेलेत. तू गोंदियाला आलास तर मला धीर येईल. हट्ट सोड, राजा.

जेवणाची आबाळ करू नकोस, एवढंच मागणं.
तुझी बाई

नागपूर, २० मार्च १९५५

ती. देवकाबाईस शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. डोंगर अंगठ्याएवढा केला. छान जमला, सरांनी पाठ थोपटली. मग आईचा दगड काढायला घेतला तर तो मावेना. ब्रशच्या टोकाने ठिपका दिला, तो चिखल उडाल्यासारखा दिसला. सर म्हणाले की इतक्या लांबून दगड दिसत नाही, सोडून दे. बाई, मला तो इथून नागपुरातून दिसतो! तो कागद मी तिथेच टराटरा फाडला आणि पहिलं चित्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाठवलं नाही. वर्ष गेलं.

बाबांना आणखी वर्षभर तुलाच एकटीला सांभाळावं लागेल, याचं मात्र वाईट वाटतं. पण रडत बसलो नाही, हे त्यांना सांग. पुढच्या मार्चला पुन्हा बसणार आहे. डोंगर आहे तेवढाच राहील. कागद मोठा घेईन.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा हट्टी
मंगरू