शेरूच्या दाराचं रबर

प्रिय माय,

आज तुझ्या खोलीच्या दाराचं रबर काढलं. दहाव्याला चारचौघांत शब्द दिला होता. तू माझ्या तोंडी शब्दावर कधी विसंबलीस? म्हणून हे लेखी.

दार मी स्वतः केलेलं, अस्सल सागवानाचं. कुठल्या मिस्त्रीच्या हाताखाली राबलो नाही, बघून बघून शिकलो. सांध्यात नख जाईल अशी फट दाखवावी कुणी! सांध्यात नाही गेलं, पण फळीवर चालवलंच ना तुझ्या लाडक्या शेरूनं? रोज पहाटे आत यायला खरडून खरडून खालच्या फळीची पार खवणी केली त्यानं.

आधी मी तिखटाचं पाणी लावलं. शेरूनं हुंगलं, शिंकला आणि बाजूची जागा खरडली. हात लागला तुझा, तोच तू डोळ्याला लावलास! "काऊन रे गजू, त्या दाराचं लगन लावाचं हाय का तुले?" केवढी बोललीस!

मग चिखलीहून पत्रा आणला. कडा घासून गोल केल्या, स्क्रूची डोकी आत बसवली; वरून बोट फिरवलं तरी लागायची नाहीत. अख्ख्या अमडापुरात असं काम दाखव! शेरूनं पहिला पंजा मारला आणि असा खणखणाट झाला, की मला वाटलं, आता तू ओरडणार. तू खाटेवर उठून बसलीस ती हसतच. "आता कसं बरं आयकू येते मले! आली रे बाप्पा, आली!"

कमी ऐकणाऱ्या मायला मी न मागता घंटी बसवून दिली होती!

पण पहाटेची माझी झोप? मी पत्र्यावर जाड रबर चढवलं. आवाज बंद. शेरू बाहेर खरडतोय, तू आत वाट पाहतेस. तुला समजलं तेव्हा म्हणालीस, "काढ ते. दार मुकं केलं तू." मी म्हणालो, "केलेलं काम मी उसवत नसतो." तू तोंड भिंतीकडे केलंस. माझ्याहून हट्टी! मी गेलो असेन कुणावर?

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण खाली एकही येईना. ऊन तापलं. "नातवाचं लगन पाह्यचं राह्यलं तिचं," ताई म्हणाली. "लावू माय, धूमधडाक्यात लावू!" कावळे ढिम्म. मामांनी देवदर्शन कबूल केलं, तरी तेच. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी हात जोडले. "माय, शेरूच्या दाराचं रबर काढतो!"

"काय काढता?" गुरुजींनी विचारलं.

तेवढ्यात पिंडामागच्या झुडपातून शेरू उठला आणि शेपूट हलवत माझ्याकडे आला. नाव ऐकलं ना त्यानं! तो हलला, कावळा उतरला.

"पाह्य, राजी झाली माय!" ताई रडायला लागली. मी समजावून सांगितलं, कावळे कुत्र्याला बिचकून होते. पण कोण ऐकतं? मामा म्हणाले, "तू गप रे बाबा, इंजिनेर."

कावळा का उतरला, ते मला पक्कं ठाऊक आहे, माय. तरी शब्द तो शब्द. आज रबराचा एकेक स्क्रू काढला. काढताना पत्र्यावर ओरखडा पडू दिला नाही, हे नमूद करतो.

थोड्या वेळानं शेरूनं पंजा मारला. खणखणाट झाला आणि मी सवयीनं थांबलो, तुझ्या "आली रे"साठी. तोही थांबला. कान टवकारून दाराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

मी उठून दार उघडलं. तो खाटेखाली गेला, हुंगलं आणि तिथंच आडवा झाला.

आता माझा शब्द ऐक. पत्रा वाजला की मी उठीन. पहाट असो, झोप मोडो. दुसऱ्यांदा वाजवायला लावणार नाही त्याला. फक्त "आली रे"च्या जागी "आलो रे" म्हणेन, तेवढं त्यानं चालवून घ्यावं.

पत्र्याच्या वरच्या भागाला मात्र पॉलिश करणार. त्यात तू पडू नकोस.

तुझा,
गजू